पळतानाचा फोटो

गेल्या आठवड्यात एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना खालच्या मैदानातून ओल्या चुन्याचा वास आला, आणि मी टॉवेल तसेच खांद्यावर टाकून कठड्याशी गेले. दोन पोट्ट्या दोरी धरून उभ्या होत्या, तिसरी वाकून डब्यातून चुना सोडत होती. रेघ वाकडी चालली होती. "दोरी ताण ना गं, झोपली काय?" मी वरूनच ओरडले. तिघींनी दचकून वर पाहिलं, "नमस्ते मैडम" म्हणाल्या आणि रेघ सरळ झाली. शाळेतून मी निवृत्त झाले, माझा आवाज अजून झालेला नाही, असं आमचे हे म्हणतात. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मी कधी विचारलेलं नाही.

चुन्याची रेघ पडली म्हणजे रायपुरात थंडी आली. स्वेटर नंतर निघतात, शिंगाडे त्याआधी बाजारात येतात, पण माझा हिवाळा त्या रेघेपासून सुरू होतो. पी.टी.ची बाई म्हणून मी आयुष्यभर पोरींना खो-खो शिकवला, त्याआधी स्वतः खेळले. हवेत तो वास आला की माझे गुडघे दुखायचे विसरतात आणि पायांची बोटं चपलेत आपोआप आवळली जातात.

टॉवेल खांद्यावर असतानाच फोन वाजला. यामिनीचा होता. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला आहे आणि सुटीच्या दिवशी येऊन आमच्या लहान पोरींचा सराव घेते. घरी तिचे आईवडील मराठीत बोलतात आणि ही हिंदीत उत्तरं देते. माझ्याशीही तसंच.

"मैडम, कैमरा लेना है. सीज़न चालू हो रहा है. कौन सा लूँ?"

"कायचे फोटो काढणार तू?"

"अपने खो-खो के. और किसके?"

"मग दुकानात नको जाऊ अजून. रविवारी माझ्याकडे ये. आपण मिळून जाऊ."

"हव मैडम."

फोन ठेवला आणि मला हसू आलं. हा प्रश्न एका वर्षी मीच गावभर विचारत फिरले होते, आणि तोही हिच्यासाठीच.

आमच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात माझे खेळाच्या दिवसांतले फोटो आहेत. प्रत्येक फोटोत आम्ही रांगेत उभ्या. पुढे बसलेल्यांच्या मांडीवर ढाल, मागे उभ्या असलेल्यांचे हात पाठीशी. त्या काळी फोटोवाला बक्षीस समारंभालाच यायचा. आल्या आल्या "हलू नका" म्हणायचा आणि आम्ही श्वाससुद्धा धरून ठेवायचो. पळणं हेच ज्यांचं काम, त्या पोरींचे सगळे फोटो खांबासारखे उभे! मी खांबाशी सूर मारायची. समोरची गडी खांबाला वळसा घालून निसटते आहे असं वाटलं, की एका हाताने खांब धरायचा, सगळं अंग हवेत झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिची टाच गाठायची. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. त्याची खूण म्हणून गुडघ्यावर व्रण आहे, फोटो मात्र एकही नाही. घरून खेळायला परवानगी होती, पण बघायला यायची पद्धत नव्हती. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून येऊन विचारायचे, "जिंकल्या काय?" आणि हातपाय धुवायला जायचे. त्यामुळे हवेत असताना मी कशी दिसायची, हे मला सांगणारं या जगात कुणी नव्हतं. हे मला सलायचं, आणि सलायचं असं सरळ सांगायला मला लाज वाटत नाही.

म्हणूनच त्या वर्षी यामिनी सरावानंतर गुडघ्यावरचे पट्टे सोडता सोडता जे बोलली, ते मला थेट लागलं. "मैडम, मेरा एक भी डाइव वाला फोटो नहीं है. मोबाइल में सब धुँधला आता है." तिचा तो शेवटचा हंगाम होता. वयोगट संपत होता, नोकरी ठरली होती. माझ्या हाताखाली इतक्या पोरी घडल्या, पण हिच्यासारखा सूर कुणी मारला नाही. माझ्यापेक्षाही ती लांब जायची. "मी काढून देते तुले," मी म्हणाले. तोवर मी फोनशिवाय कशानेही फोटो काढलेला नव्हता. पण शब्द दिला तो दिला.

घरी हा बेत सांगितल्यावर आमचे हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "काहून एवढी धावपळ करून राहिली तू? मोबाइल हाये ना." नागपूरच्या भाच्याने फोनवर सल्ला दिला, "मामी, झूम किती एक्स हाये ते पाहून घे फक्त." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, रंग चांगले आले पाहिजेत. कॅमेरा घेणं म्हणजे आपल्याकडे स्थळ बघण्यासारखं असतं, ज्याने कधी वापरला नाही त्याचंही मत पक्कं असतं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गोल बाजाराजवळच्या एका गल्लीत देवांगन भैयाच्या स्टुडिओत गेले. आमच्या ब्राह्मणपाऱ्यातली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेलेली. त्याने एक कॅमेरा, एक आखूड लेन्स आणि वर बसवायचा भलामोठा फ्लॅश माझ्यासमोर मांडला.

"दीदी, ये ले जाओ. शादी, बर्थडे, सब हो जाएगा."

"आणि खो-खो?"

"वो भी हो जाएगा. चिंता मत करो."

माणूस चांगला, पण त्याने जन्मभर लोकांना थांबवलेलं. भैया "रुकिए" म्हणाला की नवरदेव हार हातात घेऊन उभा राहतो, हसू नीट आलं नाही तर हार काढून पुन्हा घालतो. खो-खोत बाद झालेली पोरगी पुन्हा बाद होऊन दाखवत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण फ्लॅशचा तो रुबाब बघून मी भुलले.

नवरात्रात पोरींचे सरावाचे सामने चालू होते. पहिल्याच सामन्यात मी फ्लॅश उडवला आणि पंचांनी शिट्टी वाजवली. खेळ थांबवून ते माझ्याकडे आले, हात जोडून म्हणाले, "मैडम, बच्चियों की आँख में जाता है." अगदी खरं होतं. सूर मारणाऱ्या पोरीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती सरळ खांबावर आदळायची. मी फ्लॅश पिशवीत घातला तो कायमचा. पण फ्लॅशविना संध्याकाळच्या उजेडात जे फोटो आले, त्यात खो मिळायची वाट बघत बसलेल्या पोरी एकदम स्वच्छ, वेणीची रिबीनसुद्धा ओळखू येत होती, आणि पळणारी पोरगी म्हणजे नुसता निळा पट्टा. यामिनीने फोटो बघून विचारलं, "मैडम, इसमें मैं कौन सी हूँ?"

मग मी मनावर घेतलं. चष्मा लावून माहितीपत्रक वाचलं, पोरींना अंगणात पळवून पाहिलं. कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे एक दार असतं. ते जितका वेळ उघडं राहील, तितकी पळणारी पोरगी फोटोत पसरते. म्हणून दार झटकन मिटायला हवं. झटकन मिटायचं तर तेवढ्यात भरपूर उजेड आत यायला हवा, आणि त्यासाठी लेन्सचं तोंड मोठं हवं. देवांगन भैयाची लेन्स अरुंद तोंडाची, तिला फ्लॅशशिवाय करमत नसे. या तोंडाचे आकडेही असे, की आकडा लहान तितकं तोंड मोठं. हे ज्याने उलटं ठेवलं तो शहाणा भेटला तर त्याला मी दोन शब्द सुनावणार आहे. पण एकदा कळल्यावर मी ते विसरले नाही.

फ्लॅश आणि ती लेन्स घेऊन मी पुन्हा गोल बाजारात. भैया म्हणाला, "फिर दीदी, बड़ा वाला झूम ले लो. क्रिकेट वाले वही लेते हैं." हातभर लांबीचं ते प्रकरण मी उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. क्रिकेटवाले सीमेबाहेर बसतात, त्यांचा खेळ तिकडे दूर चालतो. खो-खोचं मैदान आटोपशीर, आणि मी खांबाच्या मागे बसणार. पोरगी माझ्या अंगावर यायची. तोफ घेऊन काय करू? त्याच्या कपाटात झूम नसलेली, कुणीतरी वापरून सोडलेली, मोठ्या तोंडाची एक जुनी लेन्स होती. तीच हवी म्हटल्यावर तो गोंधळला.

"दीदी, ये तो दुल्हन के क्लोज़अप के लिए है."

"माझी नवरी पळते, भैया. हेच द्या."

सामान परत देऊन, वर थोडे पैसे घालून मी ती लेन्स आणली आणि घरी येऊन बघते तर दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

यांचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. खंडेनवमीला त्यांचा पाना, हातोडी, घरातली विळी, कात्री सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, ही त्यांच्या घरची रीत. वडील गेले, यांची स्वतःची नोकरी टेबलखुर्चीची, तरी पाना दरवर्षी पाटावर येतोच. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. बाहेरून हाक आली.

"ऐकलं काय? तुया कॅमेऱ्याचं कपाळ कुठं हाये?"

"वर असंल कुठं तरी! लावा ना तुमच्या मनानं!"

यांनी मनानं लावलं. कॅमेरा काम करतो तो डोळ्याने, तर मान डोळ्याला, असा विचार करून यांनी लेन्सवरचं झाकण काढलं, कारण तोंड झाकून पूजा होते काय, आणि काचेच्या बरोबर मध्यावर हळदीकुंकवाचं ओलं बोट टेकवलं. वर अक्षता. दसऱ्याच्या सकाळी आपट्याची पानं वाटायला निघायच्या आधी धोतराच्या सोग्याने सगळं पुसून झाकण परत लावून ठेवलं. मला दिसला तो झेंडूचं फूल वाहिलेला, आंघोळ करून बसल्यासारखा कॅमेरा.

हंगाम सुरू झाला. धान घरात आलं होतं, गावाकडच्या पोरी कापणी आटपून संघात परतल्या होत्या, त्यांच्या हातांवर विळ्याचे ओरखडे होते. मैदानावर उकडलेले शिंगाडे, धुकं, चुना. मी खांबामागे बसून फोटो काढत होते आणि पोरी आता पट्ट्यासारख्या न दिसता पोरींसारख्या दिसत होत्या. पण प्रत्येक फोटोवर एक लालसर धूर. समोरून ऊन आलं की जास्तच. मी सिलतऱ्याला नावं ठेवली. आम्ही रायपूरकर गच्चीवरच्या काजळीपासून खोकल्यापर्यंत सगळ्याचं खापर सिलतऱ्याच्या चिमण्यांवर फोडतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. मात्र अवकाळी पावसाने धुतलेल्या स्वच्छ सकाळीही धूर तसाच आला, तेव्हा मी लेन्स घेऊन गल्ली गाठली. देवांगन भैयाने ती दिव्यासमोर धरली, फिरवून पाहिली आणि खो खो हसायला लागला.

"दीदी, इसकी तो शादी हो गई है!"

कुंकू काचेवर पसरून चिकटलं होतं, आणि अक्षतेचा एक दाणा कड्याच्या फटीत जाऊन बसला होता. त्याने जमेल तेवढं साफ केलं. कडेला एक बारीक लाल डाग राहिला तो राहिलाच. मी घरी येऊन यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी हे म्हणाले, "बाबूजीच्या पान्याले लावतो, तसंच लावलं. तुया कामाची वस्तू हाये ना ते?"

माझा राग तिथेच विरघळला. माझ्या माहेरी खंडेनवमीला बाबांची पेनं पाटावर असायची, आईची विळी असायची. माझे कॅनव्हासचे बूट कधी कुणी पाटावर ठेवले नाहीत, ठेवावेत असं कुणाच्या मनातही आलं नसेल. इथे माझा कॅमेरा सासऱ्यांच्या पान्याशेजारी बसला होता. मला इतकं बरं वाटलं की मी उठून यांना आवडतो तसा आल्याचा चहा केला, आणि तो पाट उचलून दुसऱ्या दिवसापासून मैदानावर न्यायला लागले. पाटावर बसलं की कॅमेरा जमिनीजवळ येतो, आणि जमिनीजवळून पाहिलं तरच हवेतली पोरगी हवेत दिसते.

तरी सूर काही सापडत नव्हता. कधी मी आधी, कधी उशिरा, कधी खांबच मध्ये. यामिनी दर सामन्यानंतर येऊन फोटो बघायची आणि माझीच समजूत काढायची, "कोई बात नहीं मैडम." सामने संपत आले होते आणि तिचं ते "कोई बात नहीं" मला टोचायला लागलं होतं. तिलाही ढालीसोबत उभं करून "हलू नका" म्हणायची पाळी येणार, असं वाटायचं.

शेवटचा सामना दुपारी होता. ऊन स्वच्छ होतं. पाटावर बसून मी ठरवलं की आज डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. सूर दिसला म्हणून बोट दाबलं, तर तोवर तो संपलेला असतो. पण सूर मारण्याआधी यामिनीचा डावा खांदा खाली जातो आणि शेवटचं पाऊल आखूड पडतं. हे मला माहीत होतं, कारण ते मीच तिला शिकवलं होतं, आणि माझाही खांदा तसाच जायचा. देवांगन भैयाला हे माहीत नव्हतं, भाच्याला नव्हतं, कॅमेऱ्यालाही नव्हतं. समोरची गडी खांबाकडे पळत आली, वळसा घालायला वाकली. यामिनीचा खांदा खाली गेला. माझं बोट त्याच वेळी खाली गेलं आणि कॅमेरा धडधडत राहिला.

सामना आम्ही हरलो. पोरी रडत होत्या, त्यांना रडू दिलं. मग यामिनीला बाजूला घेऊन फोटो दाखवला. एक हात खांबावर, दुसऱ्याची बोटं टाचेला नुकती टेकलेली, सगळं अंग आडवं, आणि खाली तिची सावली तिच्यापासून सुटलेली. कोपऱ्यात लाल डाग.

"ये मैं हूँ?"

"मग काय मी?"

"आप भी ऐसी ही दिखती होंगी, मैडम."

मी चष्म्याची काच पुसायला लागले, काच स्वच्छ होती तरी.

रविवारी यामिनी आली. आम्ही गोल बाजारात गेलो, वाटेत मी तिला सगळं सांगितलं. कॅमेरा जुना असला तरी चालतो, फक्त एका दाबात भराभर फोटो घेणारा असावा. पैसे लेन्सच्या तोंडावर घाल. कुठे बसणार हे आधी ठरव, मग लेन्स घे. फ्लॅशचं नाव काढू नको. आणि खेळ तुला येतो, ते दुकानात मिळत नाही, तेव्हा कुणी कितीही एक्स सांगितले तरी घाबरू नको. देवांगन भैयाने आता आम्हाला काही समजावायचा प्रयत्न केला नाही, मुकाट्याने हवा तो कॅमेरा काढून दिला. लेन्स मी माझीच दिली, डागासकट. माझे डोळे आता अंधुक झालेत, आणि तिच्या हाताखाली सूर मारणाऱ्या नव्या पोरी आहेत.

घरी यायच्या आधी मैदानावर थांबलो. चुन्याच्या रेघा ताज्या होत्या, पोरी अजून आल्या नव्हत्या. यामिनीने खांबामागे बैठक मारली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि कुरकुरली, "कोई दौड़े तो!" मग माझ्याकडे पाहिलं. "मैडम, आप."

"वेडी झाली काय? माहे गुडघे पाहून बोल."

"आप ही बोलती हो, खड़े आदमी का फोटो नहीं निकालना."

मी पदर खोचला, चपला काढल्या. चुना तळव्यांना थंड लागला. वरून, गच्चीतून, यांची हाक आली, "अवं, हळू! पडशीन!" मी पळाले. खांबापासून खांबापर्यंत, जेवढं जमेल तेवढं, आणि शेवटी सूर नाही मारला, एवढी अक्कल अजून आहे, पण हात लांब केला.

धापा टाकत जाऊन फोटो पाहिला. तिरका आलाय. खांब अर्धा कापलाय. माझं तोंड उघडं आहे आणि पदर कुठल्या कुठे. यामिनी चुकते कुठे ते मला सगळं दिसलं आणि मी सगळं तिला सांगितलं. पण माझे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत. मी अशी दिसते.

यामिनीने फोटो मोठा करून पाहिला. मागे, धूसर, आमच्या गच्चीच्या कठड्यावरून कुणीतरी अर्धं बाहेर वाकून, दोन्ही हात वर करून बघत होतं.

"सॉरी मैडम, पीछे अंकल आ गए. काट दूँ?"

"खबरदार," मी म्हणाले. "हात नको लावू त्याले."